वही तुमच्या हातात, मग गोंधळ कुणाचा?

पत्र थोडक्यात : परभणी जिल्ह्यातले एक वाचक, वय 27. कॉलेजच्या युवक महोत्सवात जमलेल्या मित्रांची सहा जणांची गायन पार्टी चालवतात. कीबोर्डवर स्वतः, शिवाय मुख्य गायक, गायिका, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि गिटार. माणसं भाड्याच्या क्रुझरमध्ये, साउंड छोट्या हत्तीत. 11 एप्रिल ते 31 मे या 51 दिवसांत भीमगीतांचे आणि अधूनमधून हळदीचे मिळून 36 कार्यक्रम घेतले, त्यातले 24 झाले. मुख्य गायक बक्षिसाच्या नोटा खिशात घालतो. ढोलकीवाला दोनदा उशिरा आला. गायिका म्हणते, रात्रीचं आता जमणार नाही. एका पहाटे ड्रायव्हरला डुलकी लागली आणि गाडी रस्त्याखाली उतरली. दोन गावांकडे बिदागी अडकली आहे. मागच्या आठवड्यात रात्री दोन वाजता ढाब्यावर गायकाशी भांडण झालं आणि यांनी त्याची कॉलर धरली. विचारतात : "सगळ्यांना घरच्यासारखं सांभाळलं, पण जबाबदारी कुणालाच नाही. ताई, उरलेले बारा कार्यक्रम सोडून निघून जाऊ, की कसंतरी ओढून नेऊन जूनमध्ये पार्टी मोडू?"

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. 'मी घेतला' हे शब्द पत्रात सात ठिकाणी सापडले. किनवटचा घेतला. त्याच दिवशी दुपारची हळद घेतली. 'नाही म्हणवेना म्हणून' दुसऱ्या दिवशीचा भूमचाही घेतला. जिथं काही बिघडलं तिथं मात्र 'मी' गायब होतो : तो उशिरा आला, तिनं नाही म्हटलं, त्याला झोप लागली. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. मीही नव्वदच्या दशकात परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात गायचे. मॅटाडोरमध्ये स्पीकरच्या खोक्यांवर झोपून मराठवाडा पालथा घातलाय. तेव्हा आमचे मालकही हेच म्हणायचे, की पोरांना जबाबदारी नाही.

किनवट ते भूम रस्त्यानं तीनशे किलोमीटरहून जास्त आहे. किनवटला साउंड उतरवायला रात्रीचा एक वाजला, असं तुम्हीच लिहिलंय. त्या रात्री ड्रायव्हरला झोप लागली नसती तर मला नवल वाटलं असतं. ती डुलकी मार्चमध्येच ठरली होती, तुम्ही फोन कानाला लावून वहीत तारीख लिहिली तेव्हा.

तुमची अडचण मला कळते. या पन्नास दिवसांत जे मिळेल ते, नंतर गणपती-नवरात्रापर्यंत हात रिकामे. नाही म्हटलं की गाव दुसऱ्या पार्टीकडे जातं आणि पुढच्या वर्षी फोन येत नाही. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असावी. आपल्याकडे जयंती एका दिवसात आटोपत नाही. 14 एप्रिलला तालुक्याला मिरवणूक होते. मग गावोगाव आपापल्या सोयीनं तारीख धरतात : ऊसतोडीला गेलेली माणसं परतली की, वर्गणी जमली की, आणि मुख्य म्हणजे गायक मिळाला की. म्हणजे बरीच गावं तारीख तुमच्याकडे बघूनच ठरवतात. "17 ला नाही जमत, 19 ला येतो, त्या दिवशी शेजारच्या गावातही आहे," एवढं म्हणून पाहिलंत का कधी? हळदीची तारीख हलत नाही, 14 एप्रिल हलत नाही, बुद्ध पौर्णिमा हलत नाही. बाकीच्या पुष्कळ हलतात. किनवट, माहूर, हदगाव एका फेरीत बसवायचं आणि भूम, परंडा, वाशी दुसऱ्या फेरीत, एवढं नकाशा समोर ठेवून कुणीतरी करायला हवं होतं. तुम्ही केलं नाहीत, कारण फोन येईल तसं लिहीत गेलात. वही एकाच्याच हातात असली की असंच होतं. बाकीचे पाच जण वहीचे गडी होतात. आपल्या ऊसतोडीच्या भागात मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, कसा असतो ते सांगावं लागत नाही. तुमचा स्वभाव मुकादमाचा नाही, पत्रावरून तरी वाटत नाही. पण त्या पाच जणांना तुम्ही तसेच दिसत असाल.

आता बक्षिसाचं. पत्रात तुमचा राग सगळ्यात जास्त इथं आहे, म्हणून मीही इथं जरा रेंगाळते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते : भीमगीतांच्या कार्यक्रमात गाणं चालू असताना लोक मंचापाशी येऊन दहा, पन्नास, शंभराची नोट देतात आणि गायक दोन कडव्यांच्या मध्ये देणाऱ्याचं नाव घेतो. तुमचा गायक म्हणतो, "नोट माझ्या हातात दिली, गाणं माझं." तुम्ही म्हणता ही चोरी आहे. मला दोन्ही पटत नाही. बक्षीस कुणाचं हे तुम्ही सहा जणांनी ठरवलेलंच नाही, मग त्याला चोर कसं म्हणता? 'घरच्यासारखं' याचा अर्थ तुमच्या पार्टीत हिशोब न विचारणं असा झाला आहे. माझ्या माहितीतल्या घरांत तर भाजीचे सुटे पैसेसुद्धा विचारले जातात.

पण त्याचंही चुकतंय. कोयता खाली ठेवून नुकतीच गावी परतलेली एखादी बाई पदराची गाठ सोडून दहा रुपये देते, ते काय फक्त त्याच्या गळ्याला देते? ती बाबासाहेबांच्या नावाला देते. आणि नोट देणारा माणूस नेमका कोणत्या क्षणी उठतो ते एकदा बघा. बहुतेक वेळा ढोलकीनं ठेका दुप्पट केल्यावर उठतो. आमच्या ऑर्केस्ट्रात फर्माइशीचे पैसे मंचावरच्या स्टीलच्या डब्यात पडायचे आणि वाद्यं बांधायच्या आधी सगळ्यांसमोर मोजले जायचे. भांडणं होतीच, पण पैशावरून फार नाही. तुम्हीही डबा ठेवा. शाल, हार, कुणी प्रेमानं दिलेला फोटो ज्याचा त्याला. नोटा डब्यात.

डब्यातले पैसे आणि बिदागी दोन्हींना एकच वाटणी लावा, ती तोंडी नको आणि रोज वेगळी नको. समजा बिदागी 30,000 ठरली. गाडी, डिझेल आणि ड्रायव्हरचे 5,500, जेवणखाण 1,500, दुरुस्तीच्या गल्ल्यात 2,000. उरले 21,000. बऱ्याच पार्ट्यांत गायकाला दीड हिस्सा असतो. तारखा, फोन, हिशोब बघणाऱ्यालाही दीड असावा, आणि तो तुम्ही उघडपणे घ्या. आज तुम्ही एक पैसा जास्त घेत नाही आणि मनातल्या मनात झिजता. तुम्ही झिजताय हे इतरांना माहीतच नाही, त्यामुळे त्यांच्याकडून कृतज्ञतेची वाट बघण्यात अर्थ नाही. तर सहा माणसं आणि दोन अर्धे, असे सात हिस्से झाले. हिस्सा पडला 3,000 चा.

इथं मी थांबणार होते, पण गायकाला दीड तर गायिकेला एक का? तिलाही दीड द्या, सातचे साडेसात हिस्से करा. हिस्सा 2,800 वर येतो, दोघा गायकांना आणि तुम्हाला 4,200. दोनशे रुपयांनी कुणी मोडत नाही.

तिच्याबद्दल तुम्ही 'नखरे' हा शब्द वापरलाय. तो खोडा. कार्यक्रम बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात असतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी, संडासाला कुलूप आणि किल्ली असते सुट्टीत आपल्या गावी गेलेल्या गुरुजींकडे. तुम्ही पाच जण अंधारात बांधाकडे जाऊन येता. ती संध्याकाळी चारपासून पाणी प्यायचं बंद करते. हे तिनं तुम्हाला सांगितलं नसेल, मीही कुणाला सांगितलं नव्हतं. 42 अंशांच्या दिवसानंतर पाणी न पिता तीन तास गायचं, मंचामागे चादर धरून साडी बदलायची आणि पहाटे तीनला गल्लीच्या तोंडाशी उतरायचं. दार उघडेपर्यंत गाडी थांबते का तुमची? ती 'रात्रीचं नको' म्हणते, तेव्हा 'गाणं नको' असं म्हणत नाही. गावाशी पहिलं बोलणं होईल तेव्हाच विचारा : कपडे बदलायला आणि थांबायला एखाद्या बाईचं घर मिळेल का? महिला मंडळाच्या, बचत गटाच्या, अंगणवाडीच्या ताई असतात, आनंदानं दार उघडतात. तिची आई किंवा बहीण सोबत येणार असेल तर गाडीत जागा आणि ताटात जेवण पार्टीच्या खर्चानं. त्यासाठी स्पीकरचा एक खोका घरी ठेवावा लागला तर ठेवा.

खोक्यांवरून आठवलं. भीमगीतांचे लोककवी वामनदादा कर्डक हयातभर गावोगाव गात फिरले. पेटी, ढोलकी आणि कोरसच्या दोन गळ्यांवर गाव रात्र रात्र बसायचं. जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही, आजच्या पोरांना बेस लागतो आणि लागू दे. पण तुम्ही नेता त्यातला निम्मा साउंड शेजारच्या गावाला ऐकू जावा म्हणून असतो, हे तुम्हीही मनात कबूल कराल.

ढोलकीवाल्याच्या दोन उशिरांपैकी एकाचं कारण तुमच्याच पत्रात आहे, चौथ्या पानावर, कंसात : 'पुडी फाटली म्हणून नांदेडला गेला होता.' आणि त्याच्या आधीच्या पानावर आहे की गाडीत जागा नव्हती म्हणून ढोलकी कॅरिअरवर बांधली होती. मेच्या दुपारी कॅरिअरवर! कोरड्या उन्हात पुडीचं कातडं आवळत जातं, सूर चढतो, त्यावरच्या काळ्या शाईला भेगा पडतात, आणि आधीच ताणलेली पुडी संध्याकाळी पहिल्या थापेला जाते. ढोलकी माणसाशेजारी, सावलीत, सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्रवासात ताण थोडा उतरवून ठेवायला तो स्वतःच सांगेल, विचारलं तर. एक तयार पुडी बरोबर असावी, वर लिहिलेला दुरुस्तीचा गल्ला त्यासाठीच आहे. माणसांचंही तेच. लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, नाहीतर ओआरएसची पुडी, दिवसभर घोट घोट. कुणी बरळायला लागला, अंग तापलं, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. तिथं 'थोडं पडू द्या, बरं वाटेल' चालत नाही.

विजेबद्दल कडक बोलते. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की एका गावात आकडा टाकून साउंड चालवला आणि माइकला ओठ लागला की झिणझिण्या यायच्या. हसण्यावारी नेलंत. भाऊ, ती अर्थिंग नसल्याची खूण आहे. एका हातात माइक, दुसरा हात गिटारच्या तारांवर, पाय ओल्या मातीत, एवढ्यावर माणूस जाऊ शकतो. आकड्यावर वाजवायचं नाही. जनरेटर गावानं द्यायचा, नाहीतर बिदागीत धरायचा. तुमच्या बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, एखाद्या चांगल्या वायरमनकडून बसवून घ्या. व्होल्टेज खालीवर होऊन कीबोर्ड जळाल्याचं रडगाणं स्टॅबिलायझरनं बरंच थांबेल. झिणझिण्या आल्या तर गाणं तिथंच थांबवायचं, समोर आमदार बसलेले असले तरी.

आमदारांवरून वेळेचं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट असते, ते दिवस आधी जाहीर होतात. तुमचा 22 मेचा कार्यक्रम त्यात बसेलच असं नाही. पण सात वाजता बोलावतात, साडेसातला दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार, मग पाहुण्यांची भाषणं. तुमच्या हातात माइक येतो पावणेदहाला, आणि मागोमाग पोलिस जमादार येतात. लोक चिडतात तुमच्यावर. म्हणून ठरवताना कागदावरच लिहा : गायन साडेसात ते दहा, भाषणं त्याआधी. सगळी गावं पाळणार नाहीत, काही पाळतील. दहाला संपलं की गायिका जवळच्या गावाहून बारापर्यंत घरी पोचते. दूरच्या गावी मुक्काम करायचा आणि सकाळी सहाला निघायचं. रात्री दोन ते पाच गाडी रस्त्यावर नकोच. अगदीच निघावं लागलं, तर ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्यानं झोपायचं नाही आणि ती पाळी रोज बदलायची.

कागद म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, आपल्या लोकांत कागद कशाला. नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात. पाडव्याच्या आसपास गावोगावचे पुढारी तिथं जाऊन सुपारी देतात, इसार ठरतो, तारीख बांधली जाते. कुणी कुणाचा अपमान समजत नाही. तुम्हीही निम्मे पैसे इसार म्हणून तारीख धरतानाच घ्या, उरलेले मंचावर चढायच्या आधी. पैसे मोबाइलवरून येणार असतील तर गावात रेंज आहे का ते आधी बघा, 'सकाळी टाकतो'वर निघू नका. ज्या दोन गावांकडे पैसे अडकलेत, त्यातल्या एकात वर्गणीच जमली नाही असं तुम्ही लिहिलंय. ते सोडून द्या, पुढच्या वर्षी आधी घ्या. दुसऱ्या गावात अध्यक्षांचे स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स चौकाचौकात होते म्हणता. तिथं दोघं जण जाऊन बसा, दिवसा, चहा येईपर्यंत आणि चहा संपल्यावरही.

उरलेल्या बारा कार्यक्रमांचं काय? सोडून जाऊ नका. इसार घेतलेला आहे, आणि त्या गावांनी काही वाईट केलेलं नाही. पण बाराच्या बारा करूही नका. उद्या सकाळी, भरल्या पोटी, ढोलकीवाल्याच्या घरी सहा जण बसा. ढाब्यावर नको, गाडीत नको, रात्री तर मुळीच नको. बसल्याबरोबर पहिलं काम : गायकाची कॉलर धरल्याबद्दल माफी मागा. 'पण तूही' असं शेपूट न लावता. बक्षिसाचा विषय त्याच दमात काढलात तर ती माफी राहणार नाही, मध्ये चहा होऊ द्या. मग वही मध्यभागी ठेवा आणि बारा तारखा मोठ्यानं वाचा. ज्या तारखेला दोघांनी होकार दिला नाही तिथं गावाला लगेच फोन : तारीख पुढे ढकलता येते का, दुसरी पार्टी लावून देऊ का, नाहीतर इसार परत. माझा अंदाज, तीनचार तारखा गळतील. तेवढे पैसे बुडतील हे खरं आहे.

'पार्टी मोडू का' याचं उत्तर मेमध्ये देऊ नका, आणि मलाही विचारू नका. पावसाचे चार शिंतोडे पडू द्या. पण एक गोष्ट मला खटकली ती सांगते. सहा पानांच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या वाजवण्याबद्दल एकच ओळ आहे : नवीन गाणं शेवटचं बसवलं ते फेब्रुवारीत. तुम्हाला पार्टी नकोशी झाली आहे, की मॅनेजरकी? दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पार्टी नकोशी झाली असेल तर जूनमध्ये हिशोब चुकता करून, सगळ्यांना सांगून बाजूला व्हा. त्यात दगाफटका काही नाही, मीही एका जूनमध्येच गाणं सोडलं. मॅनेजरकी नकोशी झाली असेल, तर वही दुसऱ्याला द्या आणि त्याच्या चुका मुकाट्यानं सहन करा. हे बँजो पार्टी, लग्नाचा बँड, भारुडाचं मंडळ चालवणाऱ्या इतरांनाही लागू आहे. तिथंही बहुधा सगळ्यात जास्त वाजवू शकणारा माणूस फोनवर डिझेलचा भाव करताना सापडतो.

कुणाला द्यावी म्हणाल, तर गायिकेला एकदा विचारा. ती कोणती तारीख नाकारते आणि का, हे ऐकलंत की पुढच्या एप्रिलचा नकाशा निम्मा तयार होईल. शिवाय कुठल्या शाळेची किल्ली कुणाकडे असते, हे ती फोनवर पहिल्याच वाक्यात विचारेल.